माशी बांधण्याचा फिरता व्हाइस

गांडूळ अगर कणकेची गोळी गळाला लावून नदीकाठी बसलेला मनुष्य आपल्याकडे कोठेही दृष्टीस पडतो. ब्रिटनमध्ये व अमेरिकेत मात्र ट्राउट आणि सॅमन हे मासे धरण्याची एक निराळी रीत शतकानुशतके चालत आलेली आहे. या रीतीत गळाला खरे आमिष लावीतच नाहीत. पिसे, केस, लोकर आणि बारीक दोरा यांची एक खोटी माशी गळाच्या दांड्यावर बांधावयाची, आणि ती पाण्यात अशा बेताने सोडावयाची की माशाला तो जिवंत कीटकच वाटावा. १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापल्या गेलेल्या एका इंग्रजी प्रबंधात अशा बारा माश्यांचे वर्णन आढळते. बांधलेल्या माश्या दुकानात विकत मिळतात. तरीही या छंदातील पुष्कळ मंडळी हिवाळ्याच्या लांब रात्री मेजाशी बसून आपली माशी आपणच बांधतात.

या कामास लागणारे मुख्य साधन म्हणजे व्हाइस. फिटरच्या बाकावर जो जड व्हाइस असतो, त्याचेच हे नाजूक भावंड होय. त्याचे दोन लहानसे जबडे गळाचा बाक पकडून ठेवतात. दांडा मोकळा राहतो आणि बांधणाराचे दोन्ही हात दोऱ्यापिसांच्या कामाला रिकामे होतात. फार पूर्वी गळ बोटांतच धरीत. ली वुल्फ (१९०५–१९९१) हा विख्यात अमेरिकन गळकरी तर विसाव्या शतकातही व्हाइसवाचून, नुसत्या बोटांत गळ धरून माश्या बांधीत असे. परंतु तशी बोटे कितीजणांना लाभतात? सामान्य माणसाला व्हाइस हवाच. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एल्जिन गावच्या थॉम्पसनचा साधा, तरफेने आवळावयाचा व्हाइस कित्येक दशके या छंदाचा आधार होता. त्याचे डोके फिरत नसे, आणि त्यावाचून कोणाचे फारसे अडतही नसे.

आज नवशिका गिऱ्हाईक दुकानात शिरले की ‘फिरता’ हा शब्द त्याच्या कानावर प्रथम पडतो. उत्तम फिरत्या व्हाइसला दोनशे डॉलर सहज पडतात, आणि त्याहून कितीतरी महागही आहेत. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ पैसे मोजण्यापूर्वी समजून घेणे इष्ट. कारण एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात.

पहिल्या प्रकारात व्हाइसचे डोके आपल्याभोवती फिरते खरे, पण जबडे तिरके असल्यामुळे त्यांत धरलेला गळ फिरण्याच्या आसाशी कोन करून उभा असतो. डोके फिरविले की गळाचा दांडा हवेत वर्तुळ काढीत जातो. दुसऱ्या प्रकारात जबड्यांना असा बाक दिलेला असतो की गळाचा दांडा बरोबर आसावरच येतो. डोके कितीही फिरवा, दांडा जागचा हालत नाही. चरख्याची चाती जशी जागच्या जागी फिरते तसा तो स्वतःभोवती फिरतो. खरा फिरता व्हाइस तो हाच. फ्लॉरिडातील रेन्झेटी, कॅलिफोर्नियातील डायना-किंग, डेन्मार्कचा स्वस्त व हलका डॅनव्हाइस ही या प्रकारातील परिचित नावे आहेत.

दांडा आसावर असण्याने साधते काय, हे एका उदाहरणावरून समजेल. १९६७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील रसेल ब्लेसिंग यांनी ‘वुली बगर’ नावाची एक माशी रचली. तिला माशी म्हणावयाचे ते केवळ रिवाजाने. पाण्यात ती जळवेसारखी किंवा लहान माशासारखी दिसते. शेपटीला मॅराबू नावाची भुरभुरीत पिसे असतात (नाव करकोच्याचे असले तरी ही पिसे हल्ली टर्की कोंबड्याची असतात), अंगाला केसाळ दोरीचे वेढे आणि त्यांवरून शेपटीपासून डोक्यापर्यंत कोंबड्याच्या मानेचे एक लांब पीस गुंडाळलेले. साध्या व्हाइसवर ही दोरी व हे पीस हाताने दांड्याभोवती फिरवावे लागते. प्रत्येक फेऱ्याला एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते, आणि त्या देण्याघेण्यात वेढा सैल पडतो किंवा पिसाचे तंतू दबले जातात. खऱ्या फिरत्या व्हाइसवर उजव्या हाताने पीस ताणून धरावयाचे आणि डाव्या हाताने मूठ फिरवावयाची. ताण एकसारखा, वेढ्यांमधील अंतर एकसारखे. वरून आवळावयाची बारीक तारही अशीच बसते. ताण कमीअधिक झाला तर काय होते, हे मेजावर कळत नाही. ते नदीवर कळते. दोनचार वेळा पाण्यावर फेकताच पीस सुटून लोंबू लागते आणि तासभराचे काम फुकट जाते.

येथे एक अडचण नवशिक्याच्या ध्यानी येत नाही. ज्या दोऱ्याने हे सर्व बांधलेले असते, त्याचे रीळ एका नळीच्या साधनात बसवून गळाखाली लोंबत सोडलेले असते. दांडा फिरू लागला की तो दोराही त्याच्याभोवती गुंडाळला जाणार हे उघड आहे. म्हणून गळाच्या नेढ्यापुढे, आसाच्या रेषेत, एक लहानसा आकडा उभा करतात. डोके फिरविण्याआधी दोरा त्यावर टेकवून ठेवावयाचा. हा आकडा पुष्कळ ठिकाणी वेगळा विकतात. तो नसलेला फिरता व्हाइस घेणे म्हणजे दट्ट्यावाचून पिचकारी घेण्यासारखे आहे.

आता परीक्षेकडे वळावे. दुकानात जाताना गिऱ्हाईकाने आपले दोन गळ खिशात न्यावेत, एक मोठा, एक बारीक. (गळांच्या क्रमांकांची रीत उलटी असते हे लक्षात ठेवावे, सहा क्रमांकाचा गळ मोठा, अठराचा अगदी चिमुकला.) मोठा गळ जबड्यांत बसवावा, पेन्सिलीचे टोक दांड्याजवळ स्थिर धरावे आणि डोके सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावे. पेन्सिल व दांडा यांतील अंतर बदलले नाही म्हणजे दांडा आसावर आहे. पाहावयाचे ते नेढ्यामागील दांड्याकडे. कित्येक गळांचे नेढे मुद्दामच वर किंवा खाली वाकविलेले असते, ते डोलणारच. नंतर हीच परीक्षा बारीक गळावर करावी. मोठ्या गळात बाकापासून दांडा दूर असतो, बारकात जवळ; म्हणून एकासाठी जुळविलेला व्हाइस दुसऱ्यासाठी आपोआप जुळत नाही. काही व्हाइसांत जबडे वरखाली सरकविण्याची सोय असते, काहींत गळच थोडा आतबाहेर धरून काम भागवावे लागते. ज्यात दोन्ही होत नाही तो फिरता म्हणून घेऊ नये.

इतके झाल्यावरही जबडे कच्चे असतील तर सर्व व्यर्थ. गळ पकडून त्याचे नेढे बोटाने खाली दाबून पाहावे. गळ वाकला तरी हरकत नाही. तो जबड्यात घसरला तर तो व्हाइस परत करावा, मग त्याचे डोके कितीही सुरेख फिरो. मऊ पोलादाच्या जबड्यांना गळाची तार खाचा पाडते, आणि अतिकठीण केलेल्या जबड्यांचे टोक तुटते. आवळण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. तरफेच्या व्हाइसला गळाच्या जाडीप्रमाणे आधी मळसूत्र जुळवून घ्यावे लागते. ते न करता तरफेवर जोर करणारा मनुष्य स्वतःच जबडे बिघडवितो. रीगल या अमेरिकन बनावटीत मजबूत स्प्रिंग असते. मूठ दाबली की जबडे उघडतात, सोडली की मिटतात, जुळवाजुळव काही नाही. ज्यांच्या बोटांत संधिवात शिरला आहे त्यांनी मात्र ती मूठ आधी दाबून पाहावी, कारण स्प्रिंग कडक असते.

सर्वांनाच खरा फिरता व्हाइस हवा काय? न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगरात वॉल्ट व विनी डेट आणि हॅरी व एल्सी डार्बी या दोन दांपत्यांनी माश्या बांधून विकण्यावर संसार चालविले. तेथील पाण्यावर तरंगणाऱ्या नाजूक माश्यांची घडण फिरत्या व्हाइसचा प्रसार होण्यापूर्वीच पूर्णत्वास पोचली होती. अशा माशीला पिसाचे थोडेच वेढे लागतात. ते हाताने सुखाने घेता येतात. केवळ अशाच माश्या बांधणाराने फिरण्यासाठी जादा पैसे न देता तेच उत्तम जबड्यांवर खर्चावेत. लांब अंगाच्या माश्या, किंवा एकाच जातीच्या डझनावारी बांधावयाच्या असतील तर गोष्ट निराळी.

सॅमनच्या रंगीबेरंगी माश्यांना तर दुसरी बाजू पाहण्याची सोय फार उपयोगी पडते, आणि तेवढ्यापुरता पहिल्या प्रकारचा व्हाइसही चालतो. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध माशीच्या दोन्ही गालांवर राखी रानकोंबड्याच्या मानेचे चकचकीत ठिपक्याचे पीस लावतात. एक वर, एक खाली लागले तर माशी पाण्यात वाकडी चालते. हा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतला पक्षी. त्याच्या पिसांसाठी एके काळी त्याची बेसुमार हत्या झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला आता संरक्षण आहे, आणि पाश्चात्य बाजारातील पिसे पाळलेल्या पक्ष्यांची असतात. सह्याद्रीतले पीस आता त्या माशीवर चढत नाही, हे बरेच झाले.

बैठकीचा विचार थोडक्यात. मेजाच्या कडेला आवळावयाचा व्हाइस पक्का बसतो, पण जाड किंवा गोल कडेच्या मेजावर त्याची अडचण होते. जड बैठकीचा कोठेही ठेवता येतो. मात्र बैठक हलकी असेल तर मूठ फिरविताना सारा व्हाइसच चालू लागतो. डावखुऱ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा. काही व्हाइस उलटे जुळवून डाव्या हाताला चालतात, काही मुळातच डाव्या हाताचे वेगळे बनवितात, आणि पेटीवर हे नेहमी लिहिलेले नसते. शिवाय जुना व्हाइस घेणाराने त्या बनावटीचे जबडे सुटे मिळतात की नाही याची चौकशी आधी करावी. कारण वीस वर्षांच्या वापराने झिजतात ते जबडेच, बाकीचा व्हाइस नातवापर्यंत टिकतो.