खंडेनवमीला पिस्तूल पुसण्याआधी

परवा खंडेनवमी. विळा, कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळं पुसून पूजेला लागेल. काही घरांत कपाटातलं परवान्याचं पिस्तूलही बाहेर निघेल. पाट मांडणार आपण, हळद-कुंकू लावणार आपण आणि पोरं भोवती जमणार. म्हणून आजचा विषय हा घेतला. आम्ही दोघी पोलीस दलात होतो. शस्त्र उघडणं, पुसणं तिथे शिकलो, तेच सांगतो.

‘साफ करताना गोळी सुटली’ असं आपण ऐकतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा समज. मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी. पण या पिस्तुलात एक काडतूस नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, आधीच जाऊन बसलेलं असू शकतं. डबी काढली तरी ते तिथेच राहतं.

म्हणून क्रम पाठ करा. तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग वरची स्लाइड मागे ओढायची, आत असलेलं काडतूस बाहेर पडतं. स्लाइड मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर एक काडतूस पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसतं. माणूस समजतो, रिकामं झालं! निघालेली सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, मगच फडकं हातात घ्यायचं.

हे काम परवानाधारकानेच करायचं. भाग सुटे करण्याची रीत प्रत्येक पिस्तुलाची वेगळी असते, ती त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे. नळीतून ब्रश फिरवायचा, मग स्वच्छ चिंधी. चिंधी कोरी निघेपर्यंत. शेवटी शस्त्राच्या तेलाचा पातळ हात. फार तेल घातलं की धूळ चिकटते. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं. वाळूकागद तर नकोच. काडतुसांना तेल लागू देऊ नका, बार फुसका जाऊ शकतो. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवून देऊ नये. चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. एखादा भाग मोडला तर गावातल्या लोहाराकडे न्यायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आता आपल्या स्वयंपाकघराचं. नळीतल्या काजळीत शिसं असतं. ते पोटात गेलं तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला जास्त बाधतं. म्हणून जेवणाच्या जागी, ओट्यावर हे काम होऊ देऊ नका. वर्तमानपत्र अंथरून, खिडकी उघडी ठेवून करू द्या. ते फडकं पुन्हा घरात वापरायचं नाही. हात साबणाने धुवायचे, मगच पोराला उचलायचं.

पूजेला पिस्तूल मांडायचं असेल तर रिकामं, आणि त्याचा मालक शेजारी बसलेला. पूजा उरकली की लगेच कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली पोरांना ठाऊक नसलेल्या जागी.

आणि एक गोष्ट. घरातल्या माणसाला ‘रिकामं आहे का, उघडून दाखवा’ असं म्हणायला आपली जीभ अडखळते. सासरे काय म्हणतील, नवरा चिडेल. मैत्रिणींनो, दलात आम्ही वरिष्ठांच्या हातातूनसुद्धा पिस्तूल घेताना स्वतः उघडून बघायचो. त्यात कुणाचा अपमान नसायचा, तशी शिस्तच होती. तुम्हीही विचारा. ‘रिकामंच आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका. डोळ्यांनी बघा, मगच कुंकवाचं बोट पुढे करा.

दसऱ्याच्या शुभेच्छा.