विमानात चढावे कसे, उतरावे कसे

विमानप्रवास म्हटला म्हणजे मोठ्या विमानतळावरील रुंद जिना डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु फ्लाइंग क्लबातील दोन-चार आसनांच्या विमानाला असला जिना नसतो. तेथे विमानाचे अंग हाच जिना. त्यावर काही जागा पाय ठेवण्याच्या असतात, तर काही मुळीच न ठेवण्याच्या. हा भेद ज्याला कळला, त्यालाच विमानात चढता येते असे म्हणावयाचे.

या साध्या क्रियेचे महत्त्व टायगर मॉथच्या जन्मकथेवरून ध्यानात येते. इंग्लंडातील डी हॅव्हिलंड कारखान्याच्या आधीच्या मॉथ विमानात पुढचे आसन वरच्या पंखाखाली, टेकूंच्या गर्दीत सापडलेले होते. डोक्यावर इंधनाची टाकी. त्या आसनावर शिक्षक बसे. हवाई छत्री बांधलेल्या शिक्षकाला संकटसमयी तेथून निसटणे दुरापास्त होते. म्हणून वरचा पंख पुढे सरकविण्यात आला, आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंख मागे झुकविण्यात आले. १९३१ साली प्रथम उडालेल्या टायगर मॉथचे ते मागे कललेले पंख म्हणजे नुसती शोभा नव्हे. माणसाला बाहेर पडता यावे म्हणून केलेली ती योजना होय. पुढे भारतातील फ्लाइंग क्लबांतूनही अनेक वैमानिक याच विमानावर तयार झाले.

टायगर मॉथचे पंख कापडाने मढविलेले असत. चढणाऱ्याने पंखाच्या मुळाशी आखलेल्या मजबूत पट्टीवरच पाय द्यावयाचा. पाऊल चुकले की कापड फाटलेच. पंख धातूचे झाले तरी हा नियम सुटला नाही. पायपर चेरोकीसारख्या विमानात पंख खाली असून दार एकट्या उजव्या बाजूला असते. डावीकडे बसणारा वैमानिक साहजिकच आधी आत जातो आणि शेवटी बाहेर येतो. चढताना काळ्या खरखरीत पट्टीवरूनच चालावयाचे. पंखामागील फ्लॅप पूर्ण वर असेल तरच त्याला माणसाचा भार सोसतो.

सेसना १७२ मध्ये पंख डोक्यावर असतो, दारे दोन्ही बाजूंना. येथे पायांपेक्षा कपाळाला जपावे लागते, कारण पंखाची मागची कडा बरोबर डोक्याच्या उंचीवर येते. वृद्ध मनुष्याने आसन मागे सरकवून आधी बैठक टेकावी आणि मग एकेक पाय आत घ्यावा. आधारासाठी दाराची चौकट धरावी. दार किंवा सुकाणू धरून अंग ओढू नये. बसल्यावर आसन खाचेत पक्के अडकले आहे की नाही, हे हलवून पाहावे. उड्डाणाच्या वेळी आसन मागे घसरल्याने वैमानिकाचा हात सुकाणूपासून सुटतो, आणि असे अपघात घडलेले आहेत.

उतरण्याचा नियम याहून कडक आहे. इंजिन बंद होऊन प्रोपेलर थांबल्याखेरीज कोणीही खाली उतरू नये. उतरल्यावर पुढे न जाता शेपटीच्या दिशेने चालावे. फिरता प्रोपेलर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि थांबलेलाही हाताने ढकलला असता क्वचित अकस्मात फिरतो. आप्तांना भेटण्याच्या उतावळेपणात हाच नियम विसरला जातो.

विमान शेतात उतरविण्याचा प्रसंग आलाच, तर जमिनीला टेकण्यापूर्वी दाराची कडी काढून ठेवतात. कारण आघाताने चौकट वाकली तर बंद दार उघडत नाही. अशा वेळी पट्टा कोठे सुटतो आणि कडी कोणत्या बाजूला फिरते, हे शोधावयास अवधी नसतो. म्हणूनच चांगला वैमानिक नवख्या प्रवाशाकडून इंजिन सुरू होण्यापूर्वी एकदा पट्टा सोडवून घेतो आणि दार उघडावयास लावतो. बाहेरची वाट हाताला ठाऊक झाली, म्हणजेच आत बसण्याची तयारी पूर्ण झाली.