गवताखालचा ठेवा



पावसाळ्यात रतलामजवळच्या सैलान्याला गेलात, तर कंबरभर गवताची विस्तीर्ण राने दृष्टीस पडतात. माळव्यात त्यांना 'बीड' म्हणतात. त्या गवतातून एक काळा-पांढरा पक्षी एकाएकी वर उसळतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा लुप्त होतो. हा तणमोर, तिकडचे लोक त्याला खरमोर म्हणतात. मादीने पाहावे म्हणून नर दिवसातून शेकडो वेळा अशी उडी घेतो. त्याच्यासाठी १९८३ साली तेथे अभयारण्य झाले. तरीही २०२१ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होत आहे.

परंतु मला बोलावयाचे आहे ते त्या गवताविषयी. सरकारी दप्तरांत अशा पुष्कळ जमिनीची नोंद 'पडीक' म्हणून झालेली आहे, आणि पडीक दिसली की तेथे झाडे लावावी, ही आपली सद्भावना! झाड हवेतील कर्बवायू शोषून घेते, हे खरेच. पण गवतही तेच करते. मात्र आपली पुंजी ते खोडात न ठेवता बहुतांशी मुळांत व मातीत पुरून ठेवते. वणवा लागला तर झाडाच्या पुंजीचा धूर होतो, गवताची बरीचशी भुईखाली शाबूत राहते. रोपांसाठी माती उकरताना हा ठेवा आपणच उघडा पाडतो. पुढे झाडांची सावली पडली की गवत खुरटते, आणि तणमोराला उडी घ्यावयास मोकळे रानच उरत नाही.

यात आता पैसाही आला आहे. आपल्याकडील हरित क्रेडिट योजनेत फेब्रुवारी २०२४ मध्ये हेक्टरी किमान ११०० झाडे व झाडामागे एक क्रेडिट असे माप ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुधारले: पाच वर्षे जगलेले झाड आणि ४० टक्के पर्णछत्र. मेलेल्या रोपांचे श्रेय आता कोणास मिळणार नाही, हे उत्तमच झाले. पण मोजावयाचे ते शेवटी झाडच. गवताच्या रानाला या हिशेबात रकानाच नाही.

पैसा चुकीच्या मापाला बांधला म्हणजे काय होते, ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने पाहिले आहे. तेथे १९७४ च्या कायद्याने लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भार सरकारने उचलला. झाडांचे क्षेत्र वाढले. परंतु मूळची अरण्ये घटली, आणि वनस्पतींतील कर्बाचा एकूण साठा काही वाढला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीन पैसा देते, गवत फार तर चारा देते. सैलान्यास मात्र वनखात्याने एक निराळा प्रयोग केला. शेतात खरमोर दिसल्याची वर्दी देणाऱ्या आणि त्याला राखणाऱ्या शेतकऱ्यास रोख बक्षीस देण्यास २००५ च्या सुमारास प्रारंभ झाला. ज्या पक्ष्यामुळे जमीन अडकेल अशी धास्ती होती, तोच आपल्या बांधावर उतरावा म्हणून काही शेतकरी वाट पाहू लागले.