ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

भिवंडीतल्या एका महाविद्यालयात मी संगणक विषय शिकवते. बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलासमोर रांग लागते आणि पुढचे दोन महिने माझं काम एकच: मुलांना खाती उघडून देणं आणि त्याहून जास्त, हरवलेली खाती शोधून देणं. प्रश्नही दरवर्षी तोच असतो. "मॅडम, ओटीपी येत नाही."

येतो, मुलांनो. ओटीपी येतोच. फक्त तो तुमच्या फोनवर येत नाही.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती. हातात वहीचं फाडलेलं पान, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. त्यावर सायबर कॅफेवाल्याच्या अक्षरात युजरनेम आणि पासवर्ड. पासवर्ड चालेना, म्हणून आम्ही नवा मागवला. ओटीपी पाठवला, असं स्क्रीनवर आलं. आम्ही दोघी तिच्या फोनकडे बघत बसलो. फोन गप्प. मग तिला आठवलं, पहिल्या वर्षी अर्ज भरताना तिचा फोन घरी राहिला होता आणि दुकानदारानं स्वतःचाच नंबर टाकला होता. ती कल्याण नाक्यापर्यंत जाऊन आली. सायबरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. ई-मेल? तोही त्यानंच काढलेला, त्याच नंबरावर.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर गर्दी असते, ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते, आणि तुमच्याकडे फोन नसतो. तो आपला नंबर टाकतो आणि तुमचं काम करून देतो. पण त्या क्षणी तुमच्या खात्याची किल्ली त्याच्या खिशात जाते. म्हणून सांगते, फॉर्म भरायला जाल तेव्हा फोन हातात, चार्ज केलेला आणि रिचार्ज असलेला हवा. नसेल तर फॉर्म उद्या भरा.

आणि नंबर कुणाचा, हे घरी बसून ठरवा. पुढची तीन-चार वर्षं जो चालू राहणार आहे, तोच. नवी ऑफर आली की सिम बदलायची सवय आपल्याकडे फार आहे. सलग 90 दिवस सिम वापरलं नाही आणि त्यात शिल्लकही नसली, तर कंपनी ते बंद करू शकते आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग तुमच्या परीक्षेचा, तुमच्या पैशांचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या कितीतरी घरांत गावाकडचा एक नंबर असतो आणि इथला एक. गावाकडचा नंबर खात्यांना देऊ नका.

इथे मला पालकांशी बोलायचंय. मुलीच्या फॉर्मवर भावाचा नंबर असतो. का, तर मुलीच्या हातात फोन नको. अहो, भाऊ कामाला जातो, दुपारी फोन उचलत नाही, वर्षभरात नंबर बदलतो. इथे पोरगी शेवटच्या तारखेला रडत उभी असते. तिनं बारावीला तुमचं नाव काढलं ना? मग एक नंबर तिला द्या. तेही जमत नसेल तर आईचा नंबर द्या. आई निदान फोन उचलते.

नंबर ठरला की जीमेल, आणि तो स्वतःच्या हातानं उघडायचा. नाव साधं ठेवा, दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसं. रिकव्हरी नंबर तोच, रिकव्हरी ई-मेल घरातल्या कुणाचा तरी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू. दोन वर्षं खात्यात लॉगिनच केलं नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून उघडत राहा. कॉलेजनं ई-मेल दिला तर तो वर्गाच्या कामाला वापरा; शिष्यवृत्तीला स्वतःचाच द्या, कारण कॉलेज सुटलं की कॉलेजचा बंद होऊ शकतो. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि एका डायरीत लिहून घरात ठेवा. सायबरवाल्याच्या वहीत ठेवू नका.

आता बाकीचं. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी, महाडीबीटी, डिजिलॉकर, सगळं याच ई-मेलवर आणि याच नंबरावर. एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी डिजिलॉकरमधून निघतो, 12 आकडी असतो आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागतो. म्हणजे आधारला जुना नंबर असेल तर आधी आधार केंद्र गाठा. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शिष्यवृत्ती आधार-सीडेड, म्हणजे आधारशी जोडलेल्या, बँक खात्यात जमा होते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, शाखेत तसं स्पष्ट विचारा. साइट अडकली तर कॅशे साफ करा, पॉप-अप ब्लॉकर काढा.

खाती झाली की अभ्यासासाठी सॉफ्टवेअर लागतं. ते विकत घेऊ नका आणि चोरीचंही नको. लिबरऑफिस फुकट आहे, गूगल डॉक्स फुकट आहे. कॉमर्सवाल्यांनो, टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट मिळतो. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकायला तेवढं पुष्कळ. मित्राच्या पेन ड्राइव्हमधलं 'फुल व्हर्जन' लॅबमध्ये आणलंत तर मी ओरडणार.

पुन्हा ओटीपीकडे. "शिष्यवृत्ती मंजूर झाली, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा.

आणि ज्यांनी आधीच सायबरमध्ये फॉर्म भरलाय, त्यांनी आज रात्री खात्यात लॉगिन करून प्रोफाइलमधला मोबाइल नंबर वाचा. मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणाचा तरी आहे का ते बघा. नसेल, तर अजून पासवर्ड चालतोय तोवर बदलून घ्या. पासवर्ड विसरलात की तो बदलणंही त्याच नंबराच्या हातात जातं. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचं काम झालं, पण जुना नंबर शोधून त्या दुकानदाराला गाठण्यात तिचे नऊ दिवस गेले.

घरात फोन एकच असेल तर आमच्यासारख्या कुठल्याही कॉलेजच्या संगणक कक्षात जा. जाताना फोन आणि तो ज्यांच्याकडे असतो त्यांनाही घेऊन जा. आई असेल तर आईला.