आजार तिचा, तर तिच्याशी बोला

आज आम्ही आमच्या बचत गटातल्या एकीची हकिगत सांगणार आहोत. तिला विचारूनच सांगतोय, पण नाव घेणार नाही. आपण तिला अक्का म्हणू.

अक्कांच्या छातीत गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि जे काही सांगायचं ते अक्कांच्या मुलाला सांगितलं. अक्का तिथंच स्टुलावर बसल्या होत्या. बाहेर आल्यावर घरच्यांनी ठरवलं, आईला काही कळू द्यायचं नाही. पहिला केमो झाला, केस गळायला लागले. दुसऱ्या केमोची तारीख आली, तेव्हा अक्का गेल्याच नाहीत.

आम्हाला वाटलं, पैशाची अडचण असेल. आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. अक्का म्हणाल्या, "मला काय झालंय ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, मलाच नाही. मरायचंच असेल तर सुया कशाला टोचून घेऊ?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्हालाही माहीत होतं आणि आम्हीही गप्पच राहिलो होतो.

मग आम्ही त्यांचे प्रश्न वहीत लिहून घेतले. मला नेमकं काय झालंय? केमो किती? केस परत येतील का? नातवाला जवळ घेतलं तर त्याला होईल का? आमच्यातली एक त्यांच्यासोबत गेली. त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आधी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय माहीत आहे? मी सगळं सांगू का?" मग साध्या मराठीत सांगितलं. कॅन्सर आहे, त्यावर उपचार आहेत, बरं होण्याची हमी आज देता येणार नाही. केमो संपल्यावर केस बहुतेक वेळा परत येतात. कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. अक्का रडल्या. बाई थांबल्या, घाई केली नाही. औषध तेच होतं, पण घरी आल्यावर पुढची तारीख अक्कांनी स्वतः कॅलेंडरवर लिहिली.

मैत्रिणींनो, असं बोलणं म्हणजे डॉक्टरांचे उपकार नव्हेत. रुग्णाशी कसं बोलावं, हा विषय आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आहे. वाईट बातमी सांगायचीही रीत असते. निवांत बसायचं, रुग्णाला काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं, सोप्या शब्दांत सांगायचं, तिला रडू द्यायचं आणि मग पुढचं ठरवायचं. ओपीडीत रांग मोठी असते, डॉक्टरही थकतात, हे खरं आहे. म्हणून तयारी आपणही करून जायची.

प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवा. "डॉक्टर, माझ्याशी बोला, मराठीत सांगा," असं म्हणायला लाजू नका. एखादीला सगळं ऐकायचं नसेल, तर तेही तिनंच ठरवायचं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, हेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे. मन फार खचलं तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

अक्कांचे उपचार अजून चालू आहेत. पुढं काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही, पण त्या तारीख चुकवत नाहीत. तुमच्या गावातही अशी एखादी असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. सल्ले देऊ नका, तिच्यासाठी वेगळा पेलाही काढू देऊ नका. फक्त विचारा, "तुला डॉक्टरांना काय विचारायचंय?" आणि वही उघडा.