सेप्टिमा क्लार्क : अक्षरांकडून मताधिकाराकडे
(साक्षरता कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरता हे वर्णद्वेषाचे हत्यार होते. मतदार होऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांची वाचनपरीक्षा घेतली जाई. आणि ज्या राज्यकर्त्यांनी त्यांना धड शाळा दिली नाही, तेच त्यांना निरक्षर ठरवून परत पाठवीत.

हे हत्यार हिसकावून घेणाऱ्यांत सेप्टिमा क्लार्क अग्रभागी होत्या. १८९८ साली चार्ल्सटन येथे त्यांचा जन्म झाला. त्या शहरातील सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना मज्जाव असल्याने १९१६ साली त्या जॉन्स बेटावर शिकवू लागल्या. ही बंदी उठविण्यासाठी त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळविल्या. १९२० साली बंदी उठली. पुढे समान वेतनासाठी त्या लढल्या. १९५६ साली नागरी हक्क संघटनेचे सभासदत्व सोडण्यास त्यांनी नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले.

१९५७ साली जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागील खोलीत प्रौढांचा पहिला वर्ग भरला. शिकविणाऱ्या बर्निस रॉबिन्सन केशभूषेचा व्यवसाय करीत. ‘तुम्हाला काय शिकायचे आहे?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. स्वतःची सही, बायबलचे वाचन, मनीऑर्डरचा फॉर्म आणि मतदारनोंदणीचा अर्ज, हाच अभ्यासक्रम ठरला. पुढे असे वर्ग दक्षिणेत सर्वत्र पसरले.

कॉम्रेड्स, शिकणाऱ्याच्या गरजेतून धडा आणि त्याच्याच वस्तीतून शिक्षक, ही त्या कार्याची शिकवण आहे. आपल्या साक्षरता वर्गांची पारख याच कसोटीवर झाली पाहिजे.