लोखंडी तारवांची चरित्रे

(मंडळाच्या कारंजा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी "लोखंडी शिडाची जहाजे" असे उत्तर दिले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसून म्हणाले, "गुरुजी, कारंज्यात तळ्यापलीकडे पाणी नाही, आणि आपण आम्हाला समुद्रावर नेणार?" त्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही मी हट्ट सोडला नाही. ह्या तारवांचा आणि आपल्या घरांचा जुना संबंध आहे, आणि त्यांच्या चरित्रात आपल्या मंडळाने घेण्यासारखा एक धडा आहे, अशी माझी समजूत आहे. ती खरी की खोटी, याचा निवाडा शेवटी आपणच करावा.

संबंध आहे तो कापसाचा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. साहजिकच साऱ्यांचे डोळे मुंबई बंदराकडे वळले. त्या चार वर्षांत कापसाचा भाव इतका चढला की, मुंबईत रातोरात श्रीमंत झालेली माणसे युद्ध संपताच १८६५ साली रातोरात भिकेस लागली. हा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे. पण मुंबईहून तो कापूस पुढे कसा गेला, हे कोणी सांगत नाही. सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत आपल्या शेतातील रुई गाठींच्या रूपाने शिडाच्या जहाजात चढे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घाली आणि तीन-चार महिन्यांनी लिव्हरपूलच्या धक्क्याला लागे.

उलट दिशेनेही तोच मार्ग होता. मुंबईपासून भुसावळ, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोहोचलेल्या आगगाडीचे रूळ, पुलांचे लोखंड आणि इंजिने ही सर्व सामग्री विलायतेहून शिडांच्याच बळावर आली. बैलबंडीची जागा घेणारी आगगाडी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजातून आपल्या मुलखात आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जहाजे बांधावयाची ती लाकडाची, हा हजारो वर्षांचा रिवाज. त्या विद्येत आपली मुंबई कोणाला हार जाणारी नव्हती. वाडिया घराण्यातील कारागिरांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचे 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज बांधून १८१७ साली पाण्यात सोडले. ते आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. परंतु लाकडालाही मर्यादा असतात. लांबी फार वाढविली की लाटांवर ते मध्येच वाकू लागते, सांधे सैल होतात आणि पाणी झिरपते. शिवाय जाड फळ्या नि तुळया पोटातील पुष्कळ जागा खातात. विलायतेत ओकचे चांगले लाकूड महाग होत गेले आणि लोखंड स्वस्त होत गेले. मग रिबिटांनी जोडलेल्या लोखंडी पत्र्यांची जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. भिंत पातळ, पोट मोठे आणि लांबी हवी तेवढी, असा तिहेरी लाभ झाला. पुढे १८८० नंतर पोलाद स्वस्त झाले, तेव्हा जहाजाचे अंग, डोलकाठ्या आणि दोरखंडाच्या जागी आलेल्या तारा, सारे पोलादी झाले.

नव्या वस्तूबरोबर नवे दोषही येतात. लोखंडाच्या सान्निध्यात होकायंत्र चुकीची दिशा दाखवू लागले. त्यावर एअरी या ज्योतिर्विदाने १८३८ साली चुंबक व लोखंडाचे तुकडे योग्य जागी बसवून उपाय शोधला. लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला की शेवाळ व शिंपले धरत नसत. लोखंडाला तांबे थेट लागले तर खारट पाण्यात लोखंडच झिजते, म्हणून तीही सोय गेली. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गंज. या शत्रूला रोखण्यासाठी जो रंग लावीत, त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे शिशाचा लाल भस्मरंग, अर्थात आपल्या मारुतिरायाला चढवतो तोच शेंदूर! खलाशी वर्षानुवर्षे गंज खरवडीत आणि शेंदूर चढवीत असत. तेलाचा नि शेंदराचा हा नेम चुकला की जहाजाचे आयुष्य सरले, असे समजावे.

आगबोटी आल्यावर ही शिडे लगेच नाहीशी झाली असतील, अशी आपली कल्पना होते. वास्तविक तसे झाले नाही. सुवेझच्या कालव्यातून शिडाच्या जहाजाला ओढून न्यावे लागे, आणि पुढे तांबड्या समुद्रातील वारे त्याला अनुकूल नसत. त्यामुळे घाईचा माल आगबोटीकडे गेला आणि मुंबईच्या कापसाची वाट पालटली. पण ज्याला घाई नाही असा अवजड माल, म्हणजे बंगालचा ताग, ब्रह्मदेशचा तांदूळ, कॅलिफोर्नियाचा गहू, चिलीचे सोराखत, पुढे कित्येक वर्षे शिडांनीच वाहिला. वारा फुकट होता, आणि दोन-तीन हजार टन माल नेण्यास तीसेक माणसे पुरत. यातील विलक्षण गोष्ट अशी की, वेल्समधील दगडी कोळसा मुंबईसारख्या बंदरांत पोहोचविण्याचे कामही हीच जहाजे करीत. ज्या आगबोटींनी त्यांचा धंदा बुडविला, त्यांना सरपण पुरविणारी शिडेच होती.

आता तीन-चार तारवांची चरित्रे थोडक्यात सांगतो. माणसांप्रमाणेच जहाजांनाही दैव असते, हे त्यांवरून दिसेल.

पहिले 'युटर्पी'. हे लोखंडी जहाज १८६३ साली आयल ऑफ मॅन बेटावरील रॅम्से येथे बांधले गेले. त्याची पहिलीच सफर आपल्या देशाकडे, कलकत्त्यास होती. निघाल्याबरोबर वेल्सच्या किनाऱ्याजवळ एका स्पॅनिश गलबताशी टक्कर झाली, खलाशांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि सतराजण तुरुंगात गेले. दुसऱ्या खेपेस १८६५ साली बंगालच्या उपसागरात वादळाने गाठले. डोलकाठ्या तोडून टाकून जहाज कसेबसे त्रिंकोमालीस आले. परतीच्या वाटेवर कप्तान स्टोरी वारले आणि त्यांना समुद्रातच मूठमाती मिळाली. अशा अपशकुनी जहाजाचे पुढे काय होणार, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यानंतर त्याने अनेक वर्षे न्यूझीलंडला वसाहतकरी पोहोचविले, मग अलास्कातील मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची माणसे नेली. १९०६ साली त्याचे नवे नाव पडले 'स्टार ऑफ इंडिया', म्हणजे भारताचा तारा. १९२३ साली ते कामातून निघाले, १९२६ साली सॅन डिएगो शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेने घेतले आणि पैशाअभावी पुढची तीस वर्षे ते गंजत पडले. १९५७ साली अॅलन व्हिलियर्स या जाणत्या दर्यावर्दीने त्याची दैना पाहून नागरिकांची कानउघाडणी केली. तेव्हा लोक जागे झाले, वर्गणी जमली, आणि १९७६ च्या जुलैत त्या जहाजाने पुन्हा शिडे उभारली. आज दीडशे वर्षांहून अधिक वयाचे हे जहाज स्वयंसेवकांच्या हातांनी अधूनमधून समुद्रावर फेरी मारून येते.

दुसरे 'स्टार ऑफ बेंगॉल'. बेलफास्ट येथे १८७४ साली बांधलेले हे लोखंडी जहाज पुढे त्याच अलास्काच्या ताफ्यात गेले. १९०८ च्या सप्टेंबरात वादळात कॉरोनेशन बेटाच्या खडकांवर ते आपटले आणि शंभराहून अधिक माणसे बुडाली. मृतांत बहुतेक चिनी, जपानी व फिलिपिनो मजूर होते. कप्तानाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. मजुरांची नावे शोधताना मात्र अभ्यासकांना फार सायास पडतात.

तिसरे 'वेव्हरट्री'. १८८५ साली साउदॅम्प्टनला बांधलेले हे जहाज आरंभी आपल्या पूर्व किनाऱ्यावरून स्कॉटलंडला ताग नेत असे. १९१० साली केप हॉर्नजवळ त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. दुरुस्तीचा खर्च मालकाला परवडेना. त्यामुळे ते प्रथम तरंगते गोदाम झाले आणि नंतर ब्यूनस आयरीस बंदरात वाळू वाहणारा पडाव झाले. तेथून १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने ते विकत घेतले. आज पुन्हा डोलकाठ्या चढवून ते त्या शहरात उभे आहे.

चौथे चरित्र मात्र दुःखान्त आहे. 'फॉल्स ऑफ क्लाइड' हे चार डोलकाठ्यांचे लोखंडी जहाज स्कॉटलंडमधील पोर्ट ग्लासगो येथे १८७८ साली बांधले गेले. त्याची पहिली सफर कराचीला झाली आणि पहिली सहा वर्षे ते हिंदुस्थानच्या व्यापारात होते. पुढे ते हवाईला गेले. १९०७ साली त्याच्या पोटात टाक्या बसविल्या आणि ते कॅलिफोर्नियाहून घासलेट नेऊन परतताना उसाची मळी आणू लागले. नंतर डोलकाठ्या कापून अलास्कात त्याचा तेलाचा तरंगता साठा केला. १९६३ साली होनोलुलूच्या नागरिकांनी वर्गणी करून ते वाचविले, संग्रहालय केले, १९८९ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा मानही मिळाला. त्या जातीचे ते जगातील शेवटचे जहाज होते. पण मान मिळाला म्हणून शेंदूर कोणी लावला नाही. मालकी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, सभा झाल्या, पत्रके निघाली, स्कॉटलंडला परत नेण्याच्या योजना झाल्या. गंज मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहत थांबला नाही. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जहाज होनोलुलूपासून दूर खोल समुद्रात ओढून नेऊन बुडविण्यात आले. ज्याला केप हॉर्न बुडवू शकला नाही, ते बंदरात बांधलेल्या अवस्थेत संपले.

अशी जहाजे हजारोंनी होती. काही वादळात निघून गेली, त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. काहींच्या पोटात कोळसा आपोआप पेटला, पुष्कळ जहाजे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडविली. १९५७ साली 'पामीर' हे जर्मन जहाज अटलांटिकमध्ये उलटले, तेव्हा ८६ पैकी ८० जण बुडाले. त्यांत कोवळे शिकाऊ खलाशी बहुसंख्य होते. शिडांच्या व्यापाराचा तो जणू अंतच होता. उरलेली बहुतेक भंगारात गेली. आज जी मूठभर शिल्लक आहेत, त्यांच्याविषयी वाचताना मी मनाशी एकच प्रश्न विचारला : ही का वाचली? ती अधिक बळकट होती म्हणून नव्हे, सुंदर होती म्हणूनही नव्हे. कोणीतरी दरवर्षी न चुकता गंज खरवडला, म्हणून ती वाचली.

आता समुद्रावरून कारंज्याला परततो. आपण सर्वांनी 'शकुंतला' आगगाडी पाहिली आहे. कापसासाठी घातलेला तो अरुंद रूळ, आणि मँचेस्टरात १९२१ साली बांधलेले ते इंजिन, जे १९९४ पर्यंत धावत होते. आज आपल्या स्थानकावर शांतता आहे. त्या गाडीचे काय करावयाचे ते मोठ्या लोकांच्या हाती आहे. पण काही गोष्टी आपल्या हाती आहेत, आणि त्याविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे.

माझे पणजोबा कापसाची अडत करीत. त्यांच्या मोडी लिपीतील चोपड्या आमच्या घरी माळ्यावर दोन पेट्या भरून होत्या. १९८७ साली घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा त्या पेट्या माझ्या वाट्याला आल्या. मी शाळेत इतिहास शिकवीत होतो. तरीही जागा अडते, वाळवी लागेल, मोडी कोण वाचणार, असे म्हणून मी त्या चोपड्या रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी 'युटर्पी'च्या प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या रोजनिशा आजही वाचावयास मिळतात, असे मला समजले, तेव्हा मला माझी लाज वाटली. दीड शतकापूर्वीच्या एका परक्या प्रवाशाला समुद्र लागला होता, हे मला आज कळू शकते. आणि माझ्या पणजोबांनी कोणत्या शेतकऱ्याचा कापूस कोणत्या भावाने घेतला, कोणाला दुष्काळात उसने दिले, कोणाचे बुडविले की कोणाचे तारले, हे आता कोणालाही कधी कळणार नाही. हा अपराध वादळाचा नव्हे, माझा आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. ज्यांच्या घरी अशा चोपड्या, खरेदीखते, जुनी पत्रे, लग्नपत्रिका, छायाचित्रे असतील त्यांनी ती टाकू नयेत. मंडळाच्या सभागृहात एक कपाट आहे. त्यातील एक कप्पा यासाठी द्यावा, असे मी अध्यक्षांना सुचवितो. वर्षातून एकदा, संमेलनाच्या आदल्या दिवशी, चार तरुणांनी ते कागद उघडून झटकावेत, वाळवी पाहावी आणि पुन्हा बांधून ठेवावेत. मी स्वतः मोडी शिकू लागलो आहे. अक्षर अजून अडखळते, पण डोळे शाबूत आहेत तोवर जे वाचता येईल ते बाळबोधीत उतरवून देईन. मोठा ठराव नको, समिती नको. होनोलुलूला ठराव पुष्कळ झाले होते.

 घरी गेल्यावर एकदा माळ्यावर दिवा घेऊन चढून पाहा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.